माशी, खाच आणि शिस्त
काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरच्या नेमाचा इतिहास

'शिस्त' हा शब्द आज शाळा, पलटण आणि कचेरी यांच्या संदर्भात वापरला जातो. जुन्या मराठीत मात्र त्याचा अर्थ नेम असा होता. 'शिस्त धरणे' म्हणजे बाणाचा किंवा बंदुकीचा रोख लक्ष्यावर स्थिर करणे. फारसी 'शस्त' या शब्दावरून तो आपल्याकडे आला आणि पुढे वळण, नियमितपणा, संयम या अर्थांकडे सरकला. नळीच्या तोंडाशी बसवलेल्या लहानशा उंचवट्याला मराठीत 'माशी' म्हणतात. डोळा, मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही चार ठिकाणे एका रेषेत आली म्हणजे शिस्त लागली, एवढा हा साधा हिशेब आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, यंत्रांनी हजारोंच्या संख्येने हत्यारे घडू लागली तेव्हा, या साध्या हिशेबातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. कारखान्यात एकसारखी बनलेली माशी प्रत्येकाच्या हाताला आणि डोळ्याला कशी जुळावी? काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने पाहिला, तर हत्यारांची आवड नसलेल्या वाचकालाही त्यात बरेच काही सापडेल.

रिव्हॉल्व्हरपूर्वीच्या एकनळी पिस्तुलाला नेमाची फारशी गरज नव्हती. चकमकीचे पिस्तूल घोडेस्वार चार-पाच पावलांवरून झाडीत असे. एक बार उडाला की हाती तलवार घ्यावयाची, हीच रीत होती. अशा पुष्कळ पिस्तुलांना मागची खाच नसे, आणि माशी असली तरी नावापुरती असे. टोपीच्या हत्यारांचा प्रसार झाल्यावर परिस्थिती पालटली. तांब्याच्या लहान टोपीतील स्फोटक द्रव्य घोड्याच्या आघाताने पेटे व बार उडे. पावसाचा आणि वाऱ्याचा अडथळा त्यामुळे पुष्कळ कमी झाला. बार खात्रीने उडू लागल्यावर तो कोठे जाऊन लागतो, हे विचारण्यात अर्थ आला.

अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानातील हार्टफर्ड येथे १८१४ मध्ये जन्मलेल्या सॅम्युअल कोल्ट याने फिरत्या कोठ्यांच्या पिस्तुलाचे एकस्व इंग्लंडमध्ये १८३५ साली आणि अमेरिकेत २५ फेब्रुवारी १८३६ रोजी मिळविले. न्यू जर्सीतील पॅटरसन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. मेक्सिकोच्या युद्धात, १८४७ साली, सरकारकडून एक हजार पिस्तुलांची मागणी आली, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचा कारखानाही नव्हता. ती मागणी त्याने एली व्हिटनी धाकटे यांच्या कारखान्यात पुरी करून घेतली. त्यानंतर हार्टफर्ड येथे उभ्या राहिलेल्या त्याच्या उद्योगाने १८५१ चे 'नेव्ही' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ०.३६ इंच व्यासाची, साडेसात इंच लांबीची अष्टकोनी नळी, सहा कोठ्यांचा फिरता सिलिंडर आणि सुमारे सव्वा किलो वजन असे त्याचे स्वरूप होते. टेक्सासच्या आरमाराने १८४३ मध्ये मेक्सिकोच्या जहाजांशी केलेल्या लढाईचे चित्र सिलिंडरवर कोरलेले असे, म्हणून त्याला 'नेव्ही' हे नाव पडले. हार्टफर्डमध्ये या नमुन्याचे दोन लाखांहून अधिक नग झाले. लंडनमध्ये आणखी सुमारे चाळीस हजार निघाले.

या हत्याराची रचना नेमाच्या दृष्टीने मोठी चमत्कारिक आहे. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरला सिलिंडरच्या वरून जाणारी लोखंडी पट्टी नव्हती. वरची बाजू मोकळी होती. नळी हा वेगळा भाग असून तो सिलिंडरच्या आसावर बसे आणि एका आडव्या पाचरीने घट्ट होई. मग मागची खाच ठेवावी कोठे? कोल्टने ती घोड्याच्याच नाकावर कोरली. घोडा मागे ओढून चढविला की ही खाच डोळ्यासमोर येई. चाप दाबताच घोडा पुढे झेपावे आणि खाच दिसेनाशी होई. पुढे नळीच्या टोकाशी पितळेची बारीक खुंटी, हीच माशी. म्हणजे नेमाचा एक टेकू हलत्या घोड्यावर आणि दुसरा पाचरीने जखडलेल्या नळीवर होता. पाचर सैल झाली, घोड्याची खीळ झिजली किंवा नळी केसभर सरकली, तरी नेम बदलणार हे उघड आहे. तरीही ही रचना स्वस्त, सुटसुटीत आणि यंत्रावर घडविण्यास सोयीची होती, आणि कोल्टच्या लेखी ही गोष्ट फार महत्त्वाची होती.

१८५१ साली लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात कोल्टने आपली शेकडो हत्यारे मांडली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याने तेथील सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे यंत्राने हत्यारे घडविण्याच्या पद्धतीवर निबंध वाचला. त्याच्या मांडणीचे सार असे की, प्रत्येक भाग ठरलेल्या मापाने यंत्रावर कापला म्हणजे कसबी कारागिराच्या हातावर विसंबण्याचे कारण उरत नाही. १८५३ मध्ये टेम्स नदीच्या काठी पिम्लिको भागात त्याचा कारखाना सुरू झाला आणि १८५६ च्या अखेरीपर्यंत चालला. हार्टफर्डमधील यंत्रसामग्रीमागे एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाचे डोके होते. तरीसुद्धा शेवटची जुळणी पूर्णपणे यंत्राने होत नसे. भाग एकमेकांत नीट बसविण्यासाठी कानस हाती घेतलेला कारागीर तेथेही लागेच. नेम जुळविण्याचे काम तर त्याहूनही पुढचे होते. प्रत्येक नग वापरणाऱ्याच्या हातात देऊन, त्याची दारू भरून, त्याच्या अंतरावर झाडून पाहणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नव्हते. म्हणून माशीची एक सरासरी उंची ठरविली गेली आणि तीच सर्वांना लागू झाली.

ही सरासरी अनेकांच्या अनुभवाला उतरली नाही. कोल्टचे रिव्हॉल्व्हर जवळच्या लक्ष्यावर वर मारते, ही तक्रार जुनी आहे. तिचे कारण समजण्यास थोडे गणित पुरे होते. नेव्ही रिव्हॉल्व्हरमधील शिशाची गोल गोळी नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला साधारण आठशे फूट धरला, तर पंचाहत्तर यार्ड जाण्यास तिला पाव सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. तेवढ्यात ती पृथ्वीच्या ओढीने सुमारे दीड फूट खाली येते. पंचवीस यार्डांवर हीच घसरण दोन इंचांहून कमी असते. आता पंचाहत्तर यार्डांवर बरोबर लागावी अशी माशी ठेवली, तर नळीचा रोख दृष्टिरेषेपेक्षा तेवढ्या प्रमाणात वर राहणार, आणि पंचवीस यार्डांवर गोळी सुमारे चार इंच वर लागणार. प्रत्यक्षात बऱ्याच नगांत हा फरक याहून मोठा आढळतो. शत्रूच्या कमरपट्ट्यावर रोख धरला की जवळ असो वा दूर, गोळी शरीरावर कोठे तरी लागावी, असा सैनिकी विचार यामागे होता, असे स्पष्टीकरण दिले जाते. युद्धात तो पटण्यासारखा आहे. वीस पावलांवरच्या लहान लक्ष्याला मात्र तो निरुपयोगी ठरतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. बार पेटल्याक्षणी हत्यार मागे ढकलले जाते, आणि पकड नळीच्या खाली असल्यामुळे नळीचे तोंड वर उचलले जाते. गोळी नळीत असतानाच ही उचल सुरू झालेली असते. त्यामुळे जड आणि मंद गोळी नळीत जास्त वेळ राहून वर लागते, तर हलकी आणि वेगवान गोळी जवळच्या अंतरावर तुलनेने खाली लागते. हात सैल धरला तर उचल जास्त, घट्ट धरला तर कमी. शोरा, कोळसा आणि गंधक यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे पंच्याहत्तर, पंधरा आणि दहा असले, तरी दाण्याचा आकार आणि कोळशाची जात बदलली की दारूचा जोर बदलतो. सारांश, एकाच कारखान्यातील एकाच दिवशी घडलेली दोन रिव्हॉल्व्हरे दोन माणसांच्या हातांत दोन ठिकाणी गोळी टाकतील. माशीची उंची कारखान्यात कायमची ठरू शकत नाही, ती यामुळे.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्स याने १८५१ मध्येच वेगळा मार्ग धरला होता. त्याच्या पाच बारांच्या रिव्हॉल्व्हरची नळी आणि चौकट एकाच लोखंडातून घडलेली असून सिलिंडरच्या वरून भक्कम पट्टी जाई. नळी आणि चौकट अखंड असल्याने नेमाची रेषा पाचरीवर अवलंबून नसे. मात्र ॲडम्सचा घोडा केवळ चाप ओढूनच चढत व पडत असे. चाप जड असल्यामुळे नेम हलण्याचा संभव मोठा होता. कोल्टच्या हत्यारात घोडा आधी अंगठ्याने चढवावा लागे, आणि नंतर हलका चाप दाबून शांतपणे नेम साधता येई. एकाची चौकट स्थिर आणि दुसऱ्याचा चाप हलका, असा हा सामना होता. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये इंकरमन येथे लढलेल्या ८८ व्या पलटणीतील क्रॉस नावाच्या अधिकाऱ्याने ॲडम्सच्या बाजूने साक्ष दिली. गर्दीत घेरला गेला असता प्रत्येक वेळी घोडा चढवीत बसावे लागले असते तर आपण वाचलो नसतो, असे त्याचे म्हणणे होते. १८५६ मध्ये बोमाँट नावाच्या इंजिनियर दलातील लेफ्टनंटाने दोन्ही रीती एकत्र आणल्या, आणि बोमाँट-ॲडम्स रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यात दाखल झाले.

या दोन्ही हत्यारांची कसोटी लवकरच हिंदुस्थानच्या भूमीवर लागली. कंपनीच्या आणि राणीच्या पलटणींतील अधिकारी आपले पिस्तूल बहुधा स्वखर्चाने घेत. त्यामुळे १८५७-५८ च्या रणांगणांवर कोल्ट आणि ॲडम्स शेजारी शेजारी दिसत. झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर या मध्य हिंदुस्थानातील लढाया मराठी वाचकाला परक्या नाहीत. १ जून १८५८ रोजी ग्वाल्हेर तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या हाती आले, १७ जूनला कोटा की सराय येथे घोडदळाच्या धुमश्चक्रीत राणी पडली आणि २० जूनला किल्ला इंग्रजांनी घेतला. अशा हातघाईच्या लढाईत पंचाहत्तर यार्डांच्या नेमाला काय अर्थ? पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेल्या आणि स्वतः एक स्वयंचलित रिव्हॉल्व्हर शोधून काढणाऱ्या फॉस्बेरी या अधिकाऱ्याने त्या काळची एक हकीकत सांगितली आहे. पिस्तूल चालविण्यात वाकबगार असलेल्या एका अधिकाऱ्यावर तलवारधारी शिपाई चालून आला. अधिकाऱ्याच्या कोल्ट नेव्हीच्या बहुतेक गोळ्या त्या शिपायाच्या छातीवर जवळजवळ लागल्या; तरी तो थांबला नाही आणि त्याच्या तलवारीने अधिकाऱ्याचा प्राण घेतला. दोन्ही बाजूंच्या शौर्याची ही कथा नेमाच्या अभ्यासकाला एक मर्यादा दाखवून देते. गोळी बरोबर जागी लागणे आवश्यक असले, तरी हत्याराची ताकद आणि प्रतिपक्षाची जिद्द या दोन गोष्टी माशीच्या कक्षेबाहेर राहतात.

तथापि जेथे नेमालाच महत्त्व आहे, तेथे माशी जुळविण्याचे काम कसे चाले, आणि आजही जुन्या धर्तीच्या हत्यारांवर कसे चालते, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे पहिले सूत्र असे की माशी चुकीच्या मागे जाते. गोळी वर लागत असेल तर माशी उंच करावयाची. खाली लागत असेल तर ती घासून ठेंगणी करावयाची. उजवीकडे जात असेल तर उजवीकडे सरकवावयाची, डावीकडे जात असेल तर डावीकडे. मागच्या खाचेचा नियम याच्या उलट आहे. गोळी जेथे न्यावयाची तिकडे खाच न्यावी. गोळी खाली आणावयाची असेल तर खाच खोल करावी. प्रथम ऐकताना हे उफराटे वाटते. पण माशी उंच झाली की तिचा शेंडा खाचेत आणण्यासाठी नळीचे तोंड खाली करावे लागते, हे ध्यानात आले म्हणजे शंका राहत नाही.

किती बदल करावयाचा, तेही त्रैराशिकाने निघते. खाच आणि माशी यांमधील अंतराला चुकीच्या मापाने गुणावे आणि लक्ष्याच्या अंतराने भागावे. खाचेपासून माशी दहा इंचांवर आहे असे धरू. पंचवीस यार्डांवर, म्हणजे नऊशे इंचांवर, गोळी नऊ इंच वर लागते. दहा गुणिले नऊ म्हणजे नव्वद, भागिले नऊशे. उत्तर एक दशांश इंच. लक्ष्यावरील वीतभर चूक हत्यारावर गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या फरकात सामावते. हे काम करणारा कारागीर कानशीचा एकेक हात मोजून का मारतो, याचे उत्तर या त्रैराशिकात आहे.

मात्र कानस हाती घेण्यापूर्वी बरेच काम असते, आणि उतावळा माणूस येथेच फसतो. प्रथम पाचर दरवेळी सारखीच घट्ट बसते की नाही, हे पाहावे लागते. नंतर दारूचे माप, गोळीचा आकार आणि वंगण ठरवून ते पुन्हा बदलावयाचे नाही. काळ्या दारूची काजळी नळीत साचते आणि काही बारांनंतर नेम ढळू लागतो, म्हणून नळी पुसण्याचा क्रमही ठरलेला हवा. सहा कोठे म्हणजे जणू सहा वेगळी पिस्तुले. त्यांतील एखादा कोठा नळीशी किंचित वाकडा असेल तर त्याची गोळी सोबतिणींपासून दूर जाते. म्हणून मनगट टेकवून, एकाच जागी रोख धरून, अनेक गोळ्या झाडावयाच्या आणि त्यांचा पुंजका कोठे पडतो ते पाहावयाचे. पुंजका विखुरलेला असेल तर दोष माशीत नसून अन्यत्र आहे. पुंजका घट्ट असून केवळ चुकीच्या जागी असेल, तरच माशीला हात लावावयाचा. एका गोळीवरून निर्णय करणे म्हणजे एका भेटीवरून माणसाची परीक्षा करण्यासारखे आहे.

कोल्टची गोळी वर जात असल्याने तेथे माशी घासण्याचा प्रश्न नसतो. ती उंच करावी लागते. मूळची खुंटी काढून अधिक उंचीची बसविणे, किंवा नळीवर आडवी खाच कापून तीत पितळेचे अथवा पोलादाचे उंच पाते सरकवणे, हे दोन मार्ग रूढ आहेत. नवे पाते मुद्दाम गरजेपेक्षा उंच ठेवतात. त्यामुळे गोळी प्रथम खाली लागते. मग पाते थोडेथोडे घाशीत तिला वर आणतात. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून चूक सुधारण्याची वाट मोकळी ठेवून काम करण्याची ही रीत आहे. घोड्याच्या नाकावरील खाच खोल करण्याचाही उपाय आहे, पण तेथे वाव थोडा असतो. बाजूची चूक आडव्या खाचेतील पाते हलकेच सरकवून दूर होते. प्राचीन, अस्सल नगावर असे काही करणे मात्र जाणकार टाळतात, कारण त्याची ऐतिहासिक किंमत कानशीच्या एका फटक्यात जाते.

रेमिंग्टन कंपनीने १८५८ च्या एकस्वावर आधारलेले रिव्हॉल्व्हर यादवी युद्धात पुरविले. त्याच्या सिलिंडरवर अखंड पट्टी होती आणि तीत कोरलेली पन्हळ मागच्या खाचेचे काम करी. नेमाची मागची बाजू आता हलत्या घोड्यावरून स्थिर चौकटीवर आली. तरी कोल्टची लोकप्रियता ओसरली नाही. २१ जुलै १८६५ रोजी मिसुरीतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स हिकॉक याने सुमारे पंचाहत्तर यार्डांवरून डेव्हिस टट याला एका गोळीत ठार केले. त्याच्या हाती कोल्ट नेव्ही होते असे सांगतात. घोड्यावरची खाचही योग्य हातात किती काम करू शकते, याचा तो दाखला मानला जातो. अखेर सैन्याच्या मागणीमुळे कोल्टच्या कंपनीनेही १८७३ च्या काडतुसी रिव्हॉल्व्हरला वरची पट्टी दिली आणि खाच त्या पट्टीवर आणली. सॅम्युअल कोल्ट हे पाहण्यास हयात नव्हता. तो जानेवारी १८६२ मध्ये वारला होता.

१८८० नंतरच्या दशकात बिनधुराची दारू आली आणि काळी दारू रणांगणावरून मागे हटली. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील गार्दोने वाल त्रोम्पिया या हत्यारांच्या गावी कोल्ट आणि रेमिंग्टनच्या प्रतिकृती पुन्हा घडू लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग तीच जुनी तक्रारही परत आली. तोंडाने भरावयाच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत टोपीच्या रिव्हॉल्व्हरने पंचवीस मीटरवर तेरा गोळ्या झाडावयाच्या असतात आणि त्यांतील उत्तम दहा मोजल्या जातात. तेथे हत्याराने मूळ नमुन्याशी इमान राखावे लागते. नव्या बनावटीची सोयीस्कर साधने चालत नाहीत. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीच्या त्याच माशीवर, त्याच त्रैराशिकाने आणि तशाच कानशीने स्पर्धकांना विसंबावे लागते.

कोल्टने यंत्राच्या बळावर कारागिराच्या हाताची गरज संपवू पाहिली, आणि बऱ्याच अंशी तो यशस्वी झाला. नळी, सिलिंडर, चौकट, घोडा हे सारे यंत्राने दिले. एक दशांश इंचाची ती शेवटची दुरुस्ती तेवढी वापरणाऱ्याकडेच राहिली, कारण ती त्याचा हात, त्याचा डोळा आणि त्याची दारू जाणल्याशिवाय करताच येत नव्हती. ती करताना प्रथम आपली पकड स्थिर करावी लागते, मग पुन्हा पुन्हा पडताळा घ्यावा लागतो आणि त्यानंतरच धातूला हात लावावा लागतो. नेम या अर्थाचा 'शिस्त' हा शब्द मराठीत संयमाचा वाचक कसा झाला असावा, याचा उलगडा या क्रमातून सहज होतो.